काळ्या बॅकेलाइटवरची रेघ

इतिहास हा माझा विषय नव्हे. मी बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. सनावळ्यांपेक्षा मला व्याजाचे दर बरे वाटतात. ते बदलले तर निदान परिपत्रक तरी येते. पण नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाला इतिहास टाळता येत नाही. केसरीवाडा हाकेच्या अंतरावर, पत्र्या मारुती वळणावर आणि आजोबांचा रेडिओ माळ्यावर!

२०१९ साली माळा आवरताना तो 'सापडला'. खरे तर तो तिथे आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. प्रत्येक पिढीने "असू दे" म्हणून तो पुढच्या पिढीच्या खात्यावर वर्ग केला होता. वाडा पाडून सोसायटी झाली, तेव्हा पितळी बंब विकला गेला. रेडिओ मात्र जुन्या माळ्यावरून नव्या माळ्यावर गेला. पाच व्हॉल्व्हचा, काळ्या बॅकेलाइटच्या पेटीतला. एक कोपरा उडालेला, डायलची दोरी तुटलेली आणि पेटीच्या मध्यावर एक आडवी रेघ. रेघेच्या वर तकाकी, खाली सगळे भुरकट, खरखरीत.

आजोबांनी तो १९५४ साली घेतला. आदल्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५३ रोजी, आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले होते. त्या काळी रेडिओ घरात ठेवायला सरकारचा परवाना लागे. तो पोस्टातून काढायचा आणि दरवर्षी पैसे भरून चालू ठेवायचा. नुसते ऐकण्यासाठी परवाना! बोलण्यासाठी लागला असता, तर पेठेत हाहाकार उडाला असता.

१ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते. आत्या तेव्हा आठ वर्षांची होती. ती सांगते, वाड्यातली सात बिऱ्हाडे आमच्या एका खोलीत मावत. बटण फिरवल्यावर आवाज यायला अर्धा मिनिट लागे, कारण व्हॉल्व्हमधली तार आधी तापावी लागते. तेवढ्या वेळात आजी रेडिओपुढे उदबत्ती लावून मोकळी होई.

आता दुरुस्ती. ओळखीतून एक वयोवृद्ध रेडिओवाले काका मिळाले. मी उत्साहाने पिन लावायला गेलो, तर ते ओरडले, "अहो बँकवाले, थांबा! साठ वर्षांचे कंडेन्सर आहेत. आधी ते बदलू." कंडेन्सर म्हणजे विजेची ठेव सांभाळणारा डबा. आतला कागद दमट झाला की ठेव गळू लागते. बुडीत कर्ज म्हणतात ते हेच, हे मला तत्काळ कळले. मग त्यांनी रेक्टिफायर समजावला. घरातली वीज सेकंदाला पन्नासदा पुढेमागे करते; हा व्हॉल्व्ह तिला एकाच दिशेने जाऊ देतो. एकदा आत घेतले की परत येऊ द्यायचे नाही! तीस वर्षे काउंटरवर बसूनही इतके साधले नसते.

पेटीचे काम माझ्याकडे आले. बॅकेलाइट १९०७ साली लिओ बेकलँड या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत शोधून काढले. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांचा संयोग, त्यात भर म्हणून लाकडाचा भुसा, आणि उष्णता व दाबाखाली साचा. आजच्या प्लॅस्टिकची बादली उन्हाने मऊ होते. बॅकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. फार झाले तर तडकते. थोडक्यात, मूळचे पुण्याचेच असावे.

उडालेला कोपरा मी एरल्डाइटमध्ये काळा रंग कालवून भरला आणि पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून बसवला. मग पितळ उजळायचे पॉलिश घेऊन त्या रेघेला भिडलो. तेवढ्यात आत्या आली.

"काय करतोयस?"

"रेघ घालवतोय."

"अरे, ती रेघ म्हणजे पाणी आहे!" आत्या म्हणाली आणि खुर्चीत बसली.

१२ जुलै १९६१. अपुरे बांधलेले मातीचे पानशेत धरण पहिल्याच पावसाळ्यात भरले आणि सकाळी फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आजोबांनी मुलांचा हात पोचू नये म्हणून रेडिओ उंच फळीवर ठेवला होता. मुलांचा पोचला नाही. पाण्याचा पोचला, अर्ध्या पेटीपर्यंत. घरची माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली होती. पाणी ओसरल्यावर परतली, तर लाकडी कपाट फुगून फाकलेले आणि रेडिओ अर्धा चिखलात बसलेला. दुरुस्त होऊन तो पुढे कित्येक वर्षे वाजला, पण चिखलाने खाल्लेली तकाकी परत आली नाही.

"वाड्याच्या भिंतीवरही हीच रेघ होती," आत्या म्हणाली. "वाडा पाडला, भिंत गेली. आता एवढीच उरलीय."

मी पॉलिशची बाटली बंद केली. बँकेच्या खातेवहीत आम्हाला पहिला धडा हाच मिळाला होता : झालेली नोंद खोडायची नाही, तिच्यावर रबर चालवायचे नाही. नुकसान असले तरी ते दिसले पाहिजे. मग घरच्या वहीत मी कुठे खाडाखोड करायला निघालो होतो?

रविवारी काकांनी मध्ये शंभराचा दिवा जोडून रेडिओ चालू केला. दिवा एकदम उजळला. माझ्या पोटात गोळा आला. मग तो मंदावला. "शॉर्ट नाही," काका म्हणाले. अर्धा मिनिट कोणी बोलेना. घरघर झाली, सुई ७९२ किलोहर्ट्झवर सरकली आणि पुणे केंद्र लागले. एक गृहस्थ कांद्यावरील करप्याविषयी माहिती देत होते.

आमच्याकडे शेती नाही. कुंडीत तुळस आहे, तीही शेजारच्यांची. पण आत्याने कार्यक्रम संपेपर्यंत कोणाला उठू दिले नाही. आणि उठल्यावर आधी तिने पदराने पेटी पुसली. रेघेच्या वरचीही आणि खालचीही.