उधळीचे जेवण

वसमतच्या काळ्या रानात उसाची लागण झाली की काही दिवसांनी शेतकरी सरीतून फिरून डोळे फुटले का ते पाहतो. न फुटलेले टिपरे उकरावे तर कधी कधी वरची साल शाबूत असते, आतला गर मात्र गेलेला असतो आणि त्या जागी माती भरलेली असते. ‘उधळी लागली’ एवढेच तो म्हणतो. उधळी म्हणजेच वाळवी. शाळेच्या कपाटातले जुने हजेरीपटही ती सोडत नाही.

उधळी लाकूड खाते हे सर्वांना माहीत असते. पण लाकूड, कागद, वाळके गवत यांतले सेल्युलोज आपल्याला पचत नाही. मग एवढ्याशा किड्याला ते कसे पचते? या प्रश्नाचा शोध दीडशेहून अधिक वर्षे चालला, आणि त्याचा पहिला धागा आपल्याच देशात सापडला.

लिनियसचा विद्यार्थी योहान कोनिग 1768 मध्ये वैद्य म्हणून तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला. तंजावर भागातली वारुळे पाहून त्याने 1779 मध्ये वाळवीवर निबंध प्रसिद्ध केला. वारुळात त्याला बुरशी आढळली होती. दोनच वर्षांनी, 1781 मध्ये, हेन्री स्मीथमनने पश्चिम आफ्रिकेतल्या वारुळांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. आतल्या कप्प्यांवर त्याला टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे दाणे दिसले. ती अंडी असावीत असे त्याला आधी वाटले. सूक्ष्मदर्शकाखाली ती बुरशी निघाली. ही बुरशी पिलांचे अन्न असावी, हा कोनिगचा तर्कही त्याने नोंदवला.

पुढे शोधाची वाट दुसरीकडे वळली. 1877 मध्ये अमेरिकेत जोसेफ लीडी यांना वाळवीच्या आतड्यात असंख्य आदिजीव दिसले. 1920 च्या दशकात लेम्युएल क्लीव्हलँड यांनी प्रयोग केला. वाळवी 36 अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवली तर आदिजीव मरतात, वाळवी जगते. पण पुढे ती लाकूड खात राहूनही उपाशी मरते. आदिजीव पुन्हा पोटात गेले तर मात्र वाचते. म्हणजे लाकूड खाते वाळवी आणि पचवतात आदिजीव! हा सुंदर प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला, आणि तेच उत्तर साऱ्या वाळवीला लागू आहे असा समज रुजला.

इथेच गडबड होते. आपल्या शेतात वारुळे बांधणाऱ्या ओडोन्टोटर्मिस जातींच्या पोटात हे आदिजीव नसतात. त्यांचे उत्तर कोनिगच्या बुरशीत आहे. कामकरी वाळवी गवत, पाचट, वाळके लाकूड, शेण खाते आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेची स्पंजासारखी पोळी रचते. त्यावर बुरशी वाढते आणि चिवट लिग्निन व सेल्युलोज फोडते. मग वाळवी ते पांढरे दाणे व जुनी पोळी खाते. या बुरशीला 1942 मध्ये रॉजर हाइम यांनी टर्मिटोमायसिस हे नाव दिले. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवरून आवडीने खुडली जाणारी अळंबी तिचीच.

आता आवडीनिवडी समजतात. उधळीची पहिली पसंती मेलेल्या, वाळलेल्या वनस्पतीला असते. आंबा, सावर यांचे लाकूड ती लवकर खाते. सागाच्या गाभ्यातली रसायने तिला दूर ठेवतात, पण त्याच सागाची बाहेरची फिकी लाकडे ती खाते. उसाचे टिपरे दोन्ही टोकांना कापलेले असते, तिथून आत शिरणे सोपे. पाण्याचा ताण पडला की उभ्या पिकालाही धोका वाढतो. म्हणून ‘उधळी पीक खाते’ एवढे सांगून भागत नाही. रानातला पालापाचोळा मातीत परत मिसळण्याचे कामही तीच करते.

विद्यार्थ्यांसोबत हे पडताळून पाहता येईल. साग, आंबा आणि कडुनिंब यांचे सारख्या आकाराचे वाळके तुकडे, कागदाची घडी आणि गोवरीचा तुकडा शाळेच्या आवारात, इमारतीपासून दूर, वीतभर अंतराने ओलसर मातीत पुरावेत. दर आठवड्याला उकरून कशावर मातीचा लेप चढला, काय पोखरले गेले ते वहीत मांडावे. साग निवडताना गाभा आणि बाहेरचे लाकूड वेगवेगळे ठेवायला विसरू नये. उत्तर पुस्तकात आधी न पाहता उधळीलाच विचारलेले बरे.