तारेवरील माहितीचा हिशेब



आपल्या ठाकुर्लीचे चोळा पॉवर हाऊस तुम्हांस ठाऊक असेलच. १९२९ साली जी. आय. पी. रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी ते उभारले. आज ते बंद आहे. विजेचा हिशेब मीटर ठेवतो व त्याप्रमाणे आपण पैसे मोजतो. आता तारेवरून घरात व शाळेच्या संगणक कक्षात माहितीही येते. तिचा हिशेब मात्र आपण विकणाऱ्याच्या शब्दावर सोडून देतो.

एका इमारतीतील संगणक जोडणारी ‘इथरनेट’ पद्धत १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी रचावयास घेतली. तिचा वेग सेकंदाला सुमारे २९ लाख बिट होता. दहा वर्षांत तो एक कोटी बिट असा प्रमाणित झाला. आपल्याकडे १९८६ साली ‘अर्नेट’ प्रकल्प सुरू झाला व मुंबईतील एन. सी. एस. टी. ही संस्था आणि आय. आय. टी. यांच्यात संगणकी टपाल जाऊ लागले. १९८९ साली एन. सी. एस. टी.हून अमेरिकेला जोडणी मिळाली, ती सेकंदाला ९,६०० बिटांची. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १,२०० बाइट. आजचे ३० लाख बाइटांचे एक छायाचित्र तीवरून धाडावयास जवळजवळ ४२ मिनिटे लागली असती! तेवढ्यावर आपल्या शास्त्रज्ञांनी जगाशी पत्रव्यवहार चालविला.

पण कागदावरचा वेग व हाती पडणारा वेग एक नव्हे. १९८४ साली माइक म्यूस व टेरी स्लॅटरी यांनी ‘टीटीसीपी’ नावाची छोटी आज्ञावली लिहिली. युक्ती अगदी साधी: एका संगणकाने ठरावीक माहिती पाठवावी, दुसऱ्याने घ्यावी, घड्याळ पाहून भागाकार करावा. माहिती तबकडीवरून न घेता स्मृतीतूनच पाठवावयाची, कारण तबकडी मंद असेल तर दोष तारेवर येतो. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. परीक्षेतही आपण कित्येकदा तबकडीचा दोष तारेला देतो, असो.

आता पालकांसाठी. जाहिरातीत ‘१०० एमबी’ म्हणतात ते बहुधा मेगाबिट असतात. पडद्यावर दिसतात ते मेगाबाइट. शंभराला आठने भागा, साडेबारा येतात. त्यांतूनही प्रत्येक पुडक्यावरील पत्त्याचा भार वजा जातो. म्हणून चांगल्या तारेवर १०० पैकी ९४ मेगाबिट मिळाले तर फसवणूक नाही; ४० मिळाले तर विचारणा अवश्य करा.

‘आयपर्फ’ ही त्याच धर्तीची आज्ञावली आज फुकट मिळते. विद्यार्थ्यांनी संगणक कक्षात प्रथम दोनच संगणकांत मोजावे, मग सर्व संगणक चालू असता मोजावे, आणि दोन्ही आकडे तारखेसह फळ्याशेजारी लावावेत.