नव्या कराराचे मूळ पाठ आणि अनुवाद

कोणताही धर्मग्रंथ अनुवादरूपाने हाती आला म्हणजे तो कोणत्या प्रतींवरून झाला, हे अभ्यासकाने प्रथम पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते. ख्रिस्ती धर्मग्रंथातील नव्या कराराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. हा ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिला गेला. परंतु त्यातील एकाही पुस्तकाची मूळ लेखकाची प्रत आज उपलब्ध नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, आणि त्यांत परस्परभेद आहेत.

इ. स. १५१६ मध्ये इरॅस्मसने बासेल येथे ग्रीक नवा करार छापला, तेव्हा त्याच्यापाशी मोजक्याच व उत्तरकालीन प्रती होत्या. 'प्रकटीकरणा'च्या एकमेव प्रतीचे शेवटचे पान गहाळ असल्याने तेथील वचने त्याने लॅटिनवरून ग्रीकमध्ये उलट भाषांतरित केली. योहानाच्या पहिल्या पत्रातील (५:७) त्रैक्याचा उघड उल्लेख करणारे वाक्य त्याला ग्रीक प्रतींत आढळले नाही, म्हणून पहिल्या दोन आवृत्त्यांत ते त्याने घेतले नाही. त्यावर टीका झाली. पुढे ते वाक्य असलेली एक ग्रीक प्रत पुढे येताच १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते घातले. ती प्रत सोळाव्या शतकातीलच होती! याच परंपरेच्या छापील पाठावरून १६११ चे इंग्रजी 'किंग जेम्स' भाषांतर झाले आणि ते वाक्य त्यातही उतरले.

या पाठाला खरा धक्का प्राचीन प्रतींनी दिला. सिनाय पर्वताच्या पायथ्याच्या संत कॅथरिन मठात तिशेनडॉर्फ या जर्मन विद्वानाला १८४४ मध्ये काही चर्मपत्रे व १८५९ मध्ये संपूर्ण नव्या करारासह मोठा भाग पाहावयास मिळाला. ही चौथ्या शतकातील 'सिनाय प्रत' होय. तिचा बराचसा भाग १९३३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांना विकत घेतला. तिच्या व तितक्याच जुन्या 'व्हॅटिकन प्रती'च्या आधारे वेस्टकॉट व हॉर्ट यांनी १८८१ मध्ये नवा ग्रीक पाठ सिद्ध केला. मार्काच्या शुभवर्तमानातील शेवटची बारा वचने (१६:९-२०) या दोन्ही प्रतींत नाहीत. म्हणूनच अनेक आधुनिक अनुवादांत ती कंसात अथवा तळटिपेसह छापली जातात.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. एकाच चुकीच्या हजार नकला झाल्या, तरी ती चूकच राहते. प्रती मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. श्रद्धेला प्रिय असलेले वाक्यही पुराव्याअभावी बाजूला ठेवण्याचे धैर्य ज्या संपादकांनी दाखविले, त्यांनी ग्रंथाचा अवमान केला नाही; त्याची प्रामाणिकता राखली. वाचकाने म्हणूनच अनुवादातील तळटीप ओलांडून पुढे जाऊ नये.