पिस्तूल दुरुस्तीला घरातला स्क्रूड्रायव्हर का चालत नाही? अमेरिकेतले हौशी लोक कोणती अवजारं घेतात?

अमेरिकेत स्वतःच्या पिस्तुलाची किरकोळ दुरुस्ती घरीच करणारे लोक बरेच आहेत. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार, बंदूक दुरुस्तीचा धंदा करायचा असेल तर १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टखाली परवाना लागतो. स्वतःचं पिस्तूल स्वतः खोलण्यासाठी असा परवाना लागत नाही. त्यामुळे या कामाच्या अवजारांची तिथे मोठी बाजारपेठ आहे. आयोवा राज्यातल्या मॉन्टेझुमा या छोट्या गावात १९३९मध्ये सुरू झालेली ब्राउनेल्स ही कंपनी याच व्यवसायावर वाढली.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं अवजार दिसायला अगदी साधं असतं, ते म्हणजे स्क्रूड्रायव्हर. घरातल्या चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, तर स्क्रूच्या खाचेच्या भिंती सरळ असतात. त्यामुळे पातं खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतं. जोर लावला की ते उसळून बाहेर येतं, खाचेच्या कडा फाटतात आणि स्लाइडवर किंवा फ्रेमवर लांबलचक ओरखडा उमटतो. बंदूक कारागिरांच्या स्क्रूड्रायव्हरला ‘हॉलो ग्राउंड’ म्हणतात. त्याच्या टोकाच्या दोन्ही बाजू आतून घासून समांतर केलेल्या असतात आणि पातं खाचेच्या तळापर्यंत घट्ट बसतं. मात्र त्याची जाडी आणि रुंदी दोन्ही जुळायला हवी. म्हणूनच एकच मूठ आणि बदलता येणारी बरीच टोकं असा संच विकला जातो. घ्यायचं एकच अवजार असेल, तर पैसे इथे घालावेत.

यानंतर येतात पंच, म्हणजे पिना ठोकून काढायच्या सळया. ग्लॉक पिस्तुलात स्क्रू जवळपास नसतातच. १९८२मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने स्वीकारलेलं हे पिस्तूल सुटं करायला ३/३२ इंचाचा, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटरचा एकच पंच बहुतेक कामाला पुरतो. भरीव पिनेला सपाट टोकाचा पंच चालतो. पण पत्रा गुंडाळल्यासारख्या पोकळ ‘रोल पिन’ला तो लावला, तर पिनेची कड आत दुमडते आणि ती भोकातच अडकून बसते. तिच्यासाठी टोकाच्या मधोमध बारीक उंचवटा असलेला वेगळा पंच मिळतो. तो उंचवटा पिनेच्या पोकळीत बसतो.

पंच पोलादी घ्यावा की पितळी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पितळ मऊ असल्याने पिस्तुलाला ओरखडा पडत नाही. जो पिवळा डाग राहतो, तो पुसता येतो. पण बारीक पितळी पंच दोनचार ठोक्यांतच वाकतो. म्हणून लहान पिनांसाठी पोलादी आणि जाड भाग सरकवायला पितळी, अशी वाटणी केली जाते. हातोडीही हलकी आणि पितळी किंवा नायलॉन तोंडाची असावी. खाली आधाराला भोकं असलेला नायलॉनचा ठोकळा घेतला, की सुटलेली पिन त्या भोकात पडते. ती जमिनीवर शोधत बसावी लागत नाही.

काही अवजारं मात्र एकाच मॉडेलसाठी लागतात. ग्लॉकच्या पुढच्या माशीचा स्क्रू स्लाइडच्या आतल्या बाजूने असतो, त्याला ३/१६ इंचाचा पातळ भिंतीचा पाना लागतो. मागची माशी डव्हटेल खाचेत, म्हणजे तळाशी रुंद आणि वर अरुंद खाचेत, घट्ट बसवलेली असते. ती ठोकून सरकवता येते, पण स्क्रू फिरवून हळूहळू ढकलणारं ‘साइट पुशर’ वापरलं तर माशी वाकत नाही. ते महाग असतं. आयुष्यात एकदाच माशी बदलायची असेल, तर ते काम दुकानातून करून घेणं स्वस्त पडतं.

जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ पिस्तुलाची गंमत वेगळी आहे. ते बरंचसं त्याच्याच सुट्या भागांचा वापर करून खोलता येतं. नळीच्या तोंडाशी असलेलं बुशिंग घट्ट असेल, तरच त्यासाठी खास पाना लागतो. मात्र बुशिंगखालची टोपी दाबलेल्या स्प्रिंगवर बसलेली असते. अंगठा निसटला तर ती गोळीसारखी उडते. म्हणून संरक्षक चष्मा हेसुद्धा या यादीतलं अवजारच आहे.

कुठलंही अवजार लावण्याआधी पिस्तूल रिकामं करायचा क्रम ठरलेला आहे: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे आणि शेवटी नळीचं मागचं तोंड डोळ्यांनी आणि बोटानेही तपासायचं. हा क्रम उलटला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधली नवी गोळी नळीत ढकलते आणि मॅगझीन नंतर काढलं तरी ती आतच राहते. काडतुसं तर त्या खोलीतच नसावीत.

संचात कानस असली, तरी घोडा अडवून धरणाऱ्या ‘सीअर’ला ती लावायची नाही. चाप हलका करण्याच्या नादात तिथलं थोडंसं पोलाद गेलं, तरी पिस्तूल नुसतं खाली पडूनही सुटू शकतं किंवा एकदा चाप ओढल्यावर लागोपाठ गोळ्या झाडू शकतं. अशा शस्त्राला अमेरिकी कायदा मशीनगन मानतो. अनुभवी हौशी लोकही हे काम प्रशिक्षित कारागिराकडेच देतात.

असे व्हिडिओ बघून महाराष्ट्रातल्या एखाद्या परवानाधारकाने हा संच मागवायचा विचार केला, तर इथला कायदा वेगळा आहे. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५नुसार बंदूक बनवणं आणि विकणं यांच्याप्रमाणेच तिच्या दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगायचा परवाना त्यासाठी पुरत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर या कलमाचा भंग करणाऱ्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे बिघडलेलं पिस्तूल दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच न्यावं लागतं.