साक्षर, सुशिक्षित, विद्वान, बहुश्रुत : या शब्दांत नेमका फरक काय?

लग्नाच्या जाहिरातीत 'उच्चशिक्षित' वर हवा असतो. सरकारी योजनेत 'सुशिक्षित बेरोजगार' असतो. कार्यक्रमपत्रिकेत 'विद्वान वक्ते' असतात. आणि फेसबुकवर वाद पेटला की समोरचा हमखास 'अडाणी' ठरतो. हे सगळे शब्द शिक्षणाभोवती फिरतात, पण ते एकच गोष्ट सांगत नाहीत. कुठला शब्द अक्षरओळखीबद्दल बोलतो, कुठला परीक्षेबद्दल, कुठला अभ्यासाच्या खोलीबद्दल, तर कुठला वागणुकीबद्दल. त्यांची अदलाबदल केली की अर्थाचा घोटाळा होतो आणि कधी कधी माणसावर अन्यायही होतो.

साक्षर : लिहिता-वाचता येणारा

'स + अक्षर' म्हणजे अक्षरांसह असलेला. जनगणनेत या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे. वय ७ वर्षे किंवा त्याहून अधिक असलेली आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकणारी व्यक्ती साक्षर समजली जाते. नुसते वाचता येते पण लिहिता येत नाही, तर ती व्यक्ती या व्याख्येत बसत नाही. उलट, शाळेत एकही दिवस न गेलेली व्यक्ती घरी लिहायला-वाचायला शिकली असेल, तर ती साक्षरच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा साक्षरता दर सुमारे ८२ टक्के होता. त्याचा अर्थ '८२ टक्के लोक शिकलेले' असा होत नाही.

याच्या उलट शब्द 'निरक्षर'. 'अंगठाबहाद्दर' किंवा 'अंगठाछाप' हे त्याचे बोलीतले, टोचून बोलण्याचे रूप. सहीच्या जागी अंगठा उठवण्यावरून ते आले.

शिक्षित, सुशिक्षित, उच्चशिक्षित

'शिक्षित' म्हणजे रीतसर शिक्षण घेतलेला. 'सुशिक्षित' म्हणजे बऱ्यापैकी शिकलेला. यातल्या 'सु'मुळे अनेकांना हा शब्द सभ्यतेचे प्रमाणपत्र वाटतो. 'सुशिक्षित असूनही असा वागला' या वाक्यात तीच अपेक्षा दडलेली असते. पण 'सुशिक्षित बेरोजगार' म्हणताना कोणाच्या स्वभावाची चौकशी नसते. शिक्षण झाले आणि नोकरी नाही, एवढेच सांगायचे असते. बोलण्यात यासाठी 'शिकलासवरलेला' हा शब्द आहे. 'चार बुकं शिकलेला' मात्र कौतुकाने कमी आणि टोमण्यानेच जास्त म्हटले जाते.

'उच्चशिक्षित'ची सीमा ठरलेली नाही. साधारणपणे पदवी किंवा त्यापुढचे शिक्षण त्यात धरतात.

एक गंमत लक्षात ठेवा. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. त्यामुळे हिंदी मजकुराचा घाईत अनुवाद करताना 'मुलांची शिक्षा' असे लिहिले, तर वाचणारा दचकतो.

पदवीधर : कायद्यातही वजन असलेला शब्द

'पदवीधर' हे विशेषण नव्हे, ती कागदावर सिद्ध करायची पात्रता आहे. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा पदवीधर मतदारसंघांच्या आहेत. तिथे मतदार होण्यासाठी पदवी मिळून किमान ३ वर्षे झालेली असावी लागतात. कोणी कितीही वाचलेले असो, पदवी नसेल तर त्या यादीत नाव लागत नाही. हिंदीत यालाच 'स्नातक' म्हणतात. मराठीत 'पदवीधर' आणि 'पदव्युत्तर' हे शब्द रूढ आहेत.

विद्वान, पंडित, व्युत्पन्न, व्यासंगी

इथून पुढे प्रमाणपत्राचा संबंध संपतो.

- विद्वान : 'विद्' म्हणजे जाणणे. 'विद्या' आणि 'वेद' हे शब्दही याच धातूचे. एखाद्या विषयाची खोल जाण असलेला तो विद्वान. स्त्रीसाठी 'विदुषी'.
- पंडित : शास्त्रात निपुण असलेला. आज तो नावाआधी लागतो, विशेषतः शास्त्रीय संगीतात.
- व्युत्पन्न : भाषा आणि ग्रंथ यांवर पकड असलेला. शब्दाच्या मुळापर्यंत जाणारा.
- व्यासंगी : सतत अभ्यासात रमलेला. विद्वान हा शब्द किती कळले ते सांगतो, तर व्यासंगी हा शब्द अभ्यास अजून चालू आहे हे सांगतो.

शास्त्री, दशग्रंथी, घनपाठी

या जुन्या पाठशाळांतल्या ओळखी. संहिता, ब्राह्मण, आरण्यक, शिक्षा, कल्प, व्याकरण, निघंटु, निरुक्त, छंद आणि ज्योतिष असे दहा ग्रंथ मुखोद्गत असलेला तो 'दशग्रंथी'. 'घन' ही वेदपठणाची अवघड पद्धत येणारा तो 'घनपाठी'. सरकारकडून मिळणारी 'महामहोपाध्याय' ही पदवी नंतरची, ब्रिटिश काळातली. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे आणि इतिहासकार द. वा. पोतदार यांच्या नावाआधी ती दिसते.

हे शब्द भारदस्त आहेत, पण त्यांचे दरवाजे सगळ्यांना उघडे नव्हते. वेदाध्ययन परंपरेने ब्राह्मण पुरुषांपुरते राखले गेले. स्त्रिया आणि बहुजन समाज बाहेरच राहिला, आणि मग त्यांनाच 'अडाणी' म्हटले गेले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. पुढे १८७८मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा त्या विशीत होत्या, आणि त्यांचे संस्कृत कुठल्या शाळेत नव्हे, आईवडिलांकडे झालेले होते. 'पंडिता रमाबाई' या नावातला पहिला शब्द असा कमावलेला आहे.

बहुश्रुत : ऐकून शहाणा झालेला

'बहु + श्रुत' म्हणजे पुष्कळ ऐकलेला. ग्रंथ दुर्मीळ होते तेव्हा ज्ञान कानावाटे येई. कीर्तन, प्रवचन, प्रवास, जाणत्यांचा सहवास यांतून माणूस बहुश्रुत होतो. विद्वानाचे ज्ञान खोल असते, बहुश्रुताचे चौफेर. आज पुष्कळ वाचलेल्या माणसालाही हा शब्द लावतात, पण त्यासाठी शाळेचा दाखला लागत नाही.

सुसंस्कृत, शहाणा आणि पढतमूर्ख

'सुसंस्कृत' हा शब्द वागण्याबद्दल आहे. 'शहाणा' हा व्यवहारातल्या समजुतीबद्दल. त्यालाच 'दीड' जोडले की कौतुकाची चेष्टा होते. शिक्षण आणि शहाणपण वेगळे असते, हे मराठीला फार पूर्वीपासून माहीत आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि तेवढ्यावर न थांबता त्याच दशकात 'पढतमूर्ख' या प्रकाराला स्वतंत्र समास दिला. ग्रंथ वाचूनही न सुधारलेला तो पढतमूर्ख.

लिहिताना होणाऱ्या चुका

- 'विद्वता' नव्हे, विद्वत्ता.
- 'तज्ञ' नव्हे, तज्ज्ञ (तत् + ज्ञ : ते जाणणारा).
- 'पदवित्तर' किंवा 'पदव्यूत्तर' नव्हे, पदव्युत्तर (पदवी + उत्तर).

थोडक्यात

लिहिता-वाचता येते का, हे सांगायचे असेल तर साक्षर. शाळा-कॉलेज झाले का, तर सुशिक्षित. खोल जाण असेल तर विद्वान, चौफेर माहिती असेल तर बहुश्रुत, वागणे चांगले असेल तर सुसंस्कृत. यातला एक शब्द लागू पडला म्हणजे बाकीचे आपोआप लागू पडत नाहीत.

याचे सर्वांत लख्ख उदाहरण बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि १९५१मध्ये त्या गेल्यानंतर, १९५२मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. आज त्यांच्या कविता शाळेत शिकवल्या जातात आणि त्यांच्यावर पीएचडीचे प्रबंध होतात. जनगणनेच्या व्याख्येत त्या निरक्षर होत्या. अडाणी मात्र नव्हत्या.