गाझपाचो : थंड भाजी-सूपचे पोषणमूल्य

गाझपाचो हे दक्षिण स्पेनमधील अंदालुसियाचे उन्हाळी सूप. पिकलेले टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर आणि मीठ एकत्र वाटून ते करतात आणि विस्तवाला न लावता गार करून पितात. आज ते टोमॅटोचे सूप म्हणून ओळखले जात असले तरी टोमॅटो आणि ढोबळी मिरची अमेरिका खंडातून स्पेनमध्ये आली ती १४९२ नंतर, आणि या सूपात रुळायला त्यांना त्यानंतरही बराच काळ लागला. हुआन दे ला माता यांच्या १७४७ च्या ग्रंथातील गाझपाचोच्या कृतीत टोमॅटो नाही. मूळ पदार्थ शेतमजुरांचा होता. पाव, लसूण आणि मीठ लाकडी भांड्यात कुटायचे, त्यात तेल, व्हिनेगर आणि पाणी घालायचे, की रणरणत्या उन्हात पोटाला आधार होई. पोषणाच्या दृष्टीने हा क्रम महत्त्वाचा आहे. गाझपाचोची थोरवी सांगताना ‘कच्च्या भाज्या’ आणि ‘थंडावा’ यांचेच कौतुक होते. पण भाज्यांतले सत्त्व शरीरापर्यंत पोचवण्याचे बरेचसे काम भाज्यांच्या आधीपासून तेथे असलेले तेल आणि व्हिनेगर करतात.

साधारण २५० मिलिलिटरच्या वाडग्यात १६० ग्रॅम टोमॅटो, काकडी आणि हिरवी ढोबळी मिरची प्रत्येकी २५ ग्रॅम, एक मोठा चमचा तेल आणि १० ग्रॅम पाव धरला, तर सुमारे १८५ कॅलरी, साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, अडीच ग्रॅमच्या आगेमागे तंतू आणि वाटण्यापूर्वीच्या हिशेबाने चाळीसेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. एका वाडग्यातून त्याचा अर्धा किंवा त्याहून अधिक भाग भागू शकतो. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा त्या २५ ग्रॅम ढोबळी मिरचीचा असतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तिखटपणा नको म्हणून किंवा रंग बिघडतो म्हणून मिरची वगळणारा सूपाचे मोठे बळच काढून घेतो.

मात्र भाजीत असलेले सगळेच सत्त्व तोंडापर्यंत टिकत नाही. वाटताना पेशी फुटतात, हवा मिसळते आणि क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण सुरू होते. काकडीत तर हे जीवनसत्त्व नष्ट करणारे अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचे विकर भरपूर असते. येथे व्हिनेगर उपयोगी पडते. वाढलेल्या आम्लतेत हे विकर मंदावते आणि जीवनसत्त्वही अधिक स्थिर राहते. गारव्याने हा वेग आणखी कमी होतो. थंडपणाचे पोषणातले कार्य एवढेच, राखण करण्याचे. थंड असल्यामुळे सूपात नवे काही येत नाही, आणि सकाळी वाटलेले सूप दोन दिवसांनी काढले तर शीतकपाटानेही झीज पूर्ण थांबत नाही. म्हणून ताजे वाटून त्याच दिवशी संपवण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे.

सूप न शिजवण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप टोमॅटोतल्या लायकोपीन या लाल रंगद्रव्याच्या बाजूने येतो. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले, की टोमॅटो ८८ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवले तर क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटते, पण मोजता येणारे लायकोपीन दीडपटीहून अधिक वाढते. १९९७ मधील एका जर्मन अभ्यासात तेल दोन्हींबरोबर सारखेच दिले असताना ताज्या टोमॅटोपेक्षा शिजवून आटवलेल्या टोमॅटोतून रक्तात जास्त लायकोपीन उतरले. मग कच्चे सूप कशाला? आक्षेपातले तथ्य मान्यच करायला हवे : लायकोपीन एवढेच उद्दिष्ट असेल तर शिजवलेला टोमॅटो सरस आहे. परंतु प्रश्न एका घटकाचा नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने जाते, पाण्यातही विरघळून जाते, आणि रोजच्या जेवणात शिजवलेला टोमॅटो कोठे ना कोठे येतोच; दुर्मीळ असते ते न शिजवलेल्या मिरची-टोमॅटोचे पुरेसे प्रमाण. शिवाय बारीक वाटल्याने पेशींच्या भिंती फुटतात, त्यामुळे अख्ख्या फोडीपेक्षा वाटलेल्या टोमॅटोतले रंगद्रव्य अधिक सहज मोकळे होते.

ते मोकळे झाले तरी शोषले जाण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतोच. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या २००४ मधील प्रयोगात स्निग्धांशरहित ड्रेसिंगबरोबर सॅलड खाणाऱ्यांच्या शरीरात त्यातली कॅरोटिनॉइडे, म्हणजे लायकोपीनच्याच गटातली रंगद्रव्ये, जवळजवळ शोषलीच गेली नाहीत. तेल वाढवत नेले तसे शोषण वाढले. वरच्या हिशेबात सुमारे दोन-तृतीयांश कॅलरी तेलाच्या आहेत, म्हणून वजनाच्या काळजीने बिनतेलाचे गाझपाचो सुचवले जाते. हा सल्ला चुकीच्या टोकाचा आहे. उष्मांक कमी करायचे असतील तर तेल कमी करता येईल, पण पूर्ण काढले की टोमॅटोच्या लाल रंगाचा लाभ बव्हंशी वाया जातो.

प्रत्यक्ष माणसांवरचा पुरावा थोडा पण ठोस आहे. स्पेनमधील २००४ च्या एका अभ्यासात उच्च दाबाने प्रक्रिया केलेले गाझपाचो निरोगी व्यक्तींना दोन आठवडे रोज ५०० मिलिलिटर दिले, तेव्हा रक्तातले क जीवनसत्त्व वाढले आणि ऑक्सिडीकारक ताणाचे निर्देशक घटले. प्रेडिमेड या मोठ्या स्पॅनिश प्रकल्पातील ३,९९५ जणांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१३ च्या विश्लेषणात जास्त गाझपाचो घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण कमी आढळले. पण हे विश्लेषण एका वेळी घेतलेल्या नोंदींचे असल्याने त्यावरून कारण-परिणाम सिद्ध होत नाही. गाझपाचो आवडीने घेणारा माणूस एरवीही भाज्या आणि ऑलिव्ह तेल अधिक खात असेल. तरीही निष्कर्ष लक्षणीय वाटतो, कारण सूपात मीठ असूनही तो आला. मिठाविषयीची सावधगिरी त्याने सुटत नाही. १०० मिलिलिटरला ०.६ ग्रॅम मीठ असेल, तर एका वाडग्यातून दीड ग्रॅम जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली आहे. विकतच्या खोक्यावरील मिठाचा आकडा म्हणूनच आधी वाचावा.

वाटल्याने तंतू नाहीसे होतात हा समज खरा नाही. ते बारीक होतात, पण राहतात. सूप गाळून साल-बियांचा चोथा टाकला की मात्र ते खरोखरच जातात. भाज्या कच्च्याच असल्याने त्या नीट धुणे अपरिहार्य आहे. व्हिनेगर आणि थंडावा जंतूंची वाढ रोखतात, त्यांचा नायनाट करत नाहीत.

प्रथिने हे गाझपाचोचे खरे उणे अंग. वरच्या वाडग्यात ती तीन ग्रॅमही भरत नाहीत, त्यामुळे जेवणाऐवजी हे सूप घेणे योग्य नाही. अंदालुसियातच याची पूर्ती करणारी भावंडे आहेत : कोर्दोबाच्या दाट साल्मोरेखोवर उकडलेले अंडे आणि हॅम घालतात, तर मालागाकडील पांढरे आहोब्लांको बदाम वाटून करतात. टोमॅटोचा क जीवनसत्त्वाचा वाटा मात्र या बदामी सूपात मिळत नाही.