अंगठ्याखालची फुली

व्हिडिओ गेमचा इतिहास सांगताना बहुतेक लोक पडद्याबद्दलच बोलतात. चित्रे किती सुधारली, यंत्राचा वेग किती वाढला, वगैरे. पण पडद्यावरचा बाहुला उडी मारतो तो आपल्या हातातल्या वस्तूमुळे. तिला म्हणायचे कंट्रोलर. आपल्याकडची मुले मात्र सरसकट ‘रिमोट’ म्हणायची. तिच्या डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखी एक फुली असते. ही गोष्ट त्या फुलीची.

निन्टेंडो ही कंपनी १८८९ साली जपानमधल्या क्योटो शहरात सुरू झाली ती पत्ते बनवण्यासाठी. जपानी भाषेत पत्त्यांना ‘कारुता’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आला. सोळाव्या शतकात गोव्याहून मकावमार्गे जपानला जाणाऱ्या पोर्तुगीजांनी पत्ते तिकडे नेले. म्हणजे या कथेचा एक धागा, अगदी बारीक का होईना, आपल्या मांडवीपर्यंत येतो.

या कंपनीत १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायला लागला. फावल्या वेळात त्याने लांबवर जाऊन वस्तू पकडणारा एक खेळण्यातला हात बनवला. मालकांनी तो पाहिला आणि १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ नावाने बाजारात आणला. योकोईचे एक तत्त्व होते. नव्या महागड्या तंत्रज्ञानामागे धावायचे नाही. जुने झालेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यायचे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग करायचा. कॅल्क्युलेटरचा पडदा वापरून त्याने १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हा खिशातला खेळ काढला तो याच विचारातून.

१९८२ साली ‘डाँकी काँग’ हा खेळ खिशात आणायचा होता. त्यात बाहुल्याला चारही दिशांना हलवावे लागे. तोवर अशा कामासाठी दांडा असे. १९७७ च्या अटारीचा दांडा प्रसिद्धच आहे. पण हे यंत्र पुस्तकासारखे मिटणारे. दांडा असता तर ते मिटलेच नसते. चार सुटी बटणे ठेवली तर अंगठा चाचपडतो आणि नजर पडद्यावरून हटते. योकोईने चारही बटणे जोडून एकच फुली केली. एक बाजू दाबली की समोरची उचलली जाते. न बघता अंगठ्याला दिशा कळते.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, मासायुकी उएमुरा यांच्या चमूने बनवलेल्या ‘फॅमिकॉम’मध्ये ही फुली आली. घरात जमिनीवर पडलेल्या दांड्यावर कोणाचा पाय पडण्याची भीती होती. चपट्या फुलीला ती नव्हती. डावीकडे दिशा, उजवीकडे बटणे ही मांडणी तिथून रुळली. १९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त गेम आले ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. फुलीचे अमेरिकन पेटंट १९८७ मध्ये मिळाले आणि इतर कंपन्यांनी आपापले वेगळे आकार काढले. सोनीने १९९४ मध्ये वरून सुटे दिसणारे चार बाण केले. १९९६ मध्ये निन्टेंडोच्याच यंत्रात दांडा परतला, पण आता तोही अंगठ्याएवढा झाला होता.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही. खेळणाऱ्याला दोन हात आणि दोन चपळ अंगठे नसतील तर? निन्टेंडोने १९८९ मध्ये छातीवर बांधायचा एक कंट्रोलर काढला होता. त्यात दिशा हनुवटीने द्यायची आणि बटणांसाठी नळीत फुंकायचे किंवा श्वास ओढायचा. पण तो अपवादच राहिला. पुढे जोडबटणे मात्र वाढत गेली, आणि प्रत्येक नव्या बटणाबरोबर काही माणसे खेळाबाहेर पडली.

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. दोन मोठी थाळीसारखी बटणे, आणि मागे १९ छिद्रे. पायाने, कोपराने, डोक्याने, ज्याला जे जमेल त्याने चालणारे बटण तिथे जोडायचे. सोनीनेही २०२३ मध्ये अशाच हेतूने वेगळा कंट्रोलर काढला.

योकोई हे पाहायला नव्हता. १९९५ चा त्याचा ‘व्हर्च्युअल बॉय’ सपशेल पडला, १९९६ मध्ये त्याने कंपनी सोडली आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. पण ती १९ छिद्रे कसली आहेत माहीत आहे? साध्या इअरफोनची पिन बसते ती, ३.५ मिलिमीटरची. अपंगांसाठीची बटणे वर्षानुवर्षे त्याच पिनेवर चालत आली आहेत, म्हणून तीच ठेवली. जुने, स्वस्त, सगळीकडे मिळणारे तंत्र आणि त्याचा नवा उपयोग. योकोईला ते नक्की आवडले असते.